औषधाच्या आधीचा प्रतिकार

‘जंतूंना औषधाची सवय झाली’ असं आपण सहज म्हणतो. घडतं मात्र उलटंच. 1943 साली साल्व्हादोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांनी अनेक नळ्यांमध्ये जिवाणू वेगवेगळे वाढवले आणि मग त्यांच्यावर जिवाणूंना मारणारा विषाणू सोडला. विषाणूशी गाठ पडल्यावर प्रतिकार येत असता, तर प्रत्येक नळीत तगलेले जिवाणू साधारण सारखेच निघाले असते. पण काही नळ्यांत एकही उरला नाही, तर काहींत भरमसाट उरले. म्हणजे उत्परिवर्तन, जनुकांतला बदल, आधीच झालं होतं, कुठे लवकर तर कुठे उशिरा. 1952 मध्ये एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग यांनी स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक कधीही न लागलेल्या वसाहतींतूनच त्याला दाद न देणारे जिवाणू वेगळे काढले. औषध प्रतिकार घडवत नाही, आयता असलेला निवडतं.

क्षयरोगात हे स्वच्छ दिसतं, कारण या जंतूचा प्रतिकार जवळपास सगळा त्याच्या स्वतःच्या जनुकांतल्या बदलांतून येतो. इतर अनेक जिवाणूंप्रमाणे तो तयार जनुकं शेजाऱ्याकडून घेत नाही. रिफॅम्पिसिन हे औषध जनुकांची नक्कल करणाऱ्या विकराला पकडून ठेवतं. जंतूच्या डीएनएतल्या 44 लाख अक्षरांपैकी एक ठरावीक अक्षर बदललं, की विकरात सेरीन या अमिनो आम्लाऐवजी ल्युसीन बसतं आणि औषधाची पकड सुटते. असा प्रतिकार अंदाजे दहा कोटी जंतूंत एकात आढळतो, आयसोनियाझिड या क्षयावरच्या दुसऱ्या औषधाविरुद्धचा दहा लाखांत एकात. फुप्फुसातल्या एका पोकळीत दहा कोटी जंतू सहज असतात. एकच औषध दिलं तर वाचणारा जंतू तिथे बहुधा आहेच. दोन्ही औषधांना पुरून उरणारा मात्र जवळजवळ अशक्य. गोळ्या एकत्र देण्यामागे हा हिशेब आहे.

बदललेला जंतू दुबळा होतो, औषध थांबलं की मागे पडेल, असा युक्तिवाद होतो. काही बदलांबाबत तो खराही आहे. पण रिफॅम्पिसिनविरुद्धच्या या बदलाची किंमत जंतूला फारशी पडत नाही, आणि पडलीच तर शेजारच्या जनुकातला दुसरा बदल ती भरून काढतो. काही प्रतिजैविकांमुळे उत्परिवर्तनांचा वेग वाढतो, हेही खरं. मात्र कोणतं अक्षर बदलायचं हे औषध ठरवत नाही.

म्हणूनच उपचार फसत असताना एकेक नवं औषध जोडत जाणं घातक ठरतं. 2011च्या अखेरीस मुंबईतल्या डॉक्टरांनी तपासलेल्या सर्व औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण नोंदवले. त्यांतल्या तिघांना वेगवेगळ्या खासगी डॉक्टरांनी नेमकी तशीच, सुटी सुटी आणि अनेकदा चुकीच्या मात्रेत औषधं दिली होती. दर वेळी आधीच्या औषधांतून तगलेले जंतूच तेवढे उरले होते, आणि त्यांच्यासमोर नवं औषध एकटं पडत होतं.