सांडव्याची वाट

श्रावणात आमच्या जिंतूर-सेलूकडच्या कुठल्याही भरलेल्या तलावावर जा. पाळीवर गर्दी असते. पोरं मोबाइल उंच धरून उभी, कुणी भजी आणलेली. सगळ्यांची तोंडं पाण्याकडे. मला मात्र पाळीच्या कोरड्या अंगानं खाली उतरायची खोड आहे. पायथ्याशी दगडांची रास असते, तिच्यातून झिरपलेलं पाणी चरीला लागतं. ते ओंजळीत घ्यायचं आणि बघायचं. नितळ असेल तर काळजी नाही, कारण मातीची पाळ थोडी पाझरणारच. गढूळ असेल तर मात्र पाण्याबरोबर पाळीच्या पोटातली माती चालली आहे असं समजायचं.

ही पाळ दिसते मातीच्या लांबट ढिगासारखी, पण ती नीट विचार करून रचलेली असते. मधे काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांनी मुरमाचं पांघरूण, पाण्याच्या बाजूला लाटांचा मार सोसायला दगडाचं पिचिंग. काळी माती पाणी धरते, पण वाळली की तडकते. मे महिन्यात आमच्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे परभणीच्या माणसाला वेगळं सांगायला नको. म्हणून तर वर मुरूम. वीस-पंचवीस वर्षांत बैलगाड्या, ट्रॅक्टर, शेळ्या आणि पाऊस मिळून तो मुरूम खरडून नेतात आणि काळी उघडी पडते. मग त्यात बाभळी उगवतात. हिरवी पाळ बघायला बरी वाटते, पण झाड मेलं की कुजलेल्या मुळाच्या जागी पाण्याला आयता बोगदा मिळतो.

घुशी आणि खेकडे तेच काम अधिक लवकर करतात. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं, वीसहून अधिक माणसं गेली, आणि तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांवर ठपका ठेवला. राज्यभर हसू झालं, कारण गावकरी आधीपासून गळतीची तक्रार करत होते. खेकडा पाळीत बीळ करतो हे खरंच आहे, पण ते बीळ बघायला आणि बुजवायला माणूस लागतो.

तरी मातीच्या धरणाचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे माथ्यावरून गेलेलं पाणी. दगडी भिंतीवरून पाणी पडलं तर ती बहुधा तग धरते. मातीची पाळ मात्र एकदा ओलांडली गेली की कोरड्या अंगानं चिरत जाते. गुजरातेत 11 ऑगस्ट 1979 ला मच्छू-2 धरणाचे बाजूचे मातीचे भराव असेच वाहून गेले आणि खालचं मोरबी शहर बुडालं. पाणी माथ्यापर्यंत चढूच नये म्हणून पाळीच्या एका टोकाला, जरा खालच्या पातळीवर, वाट मोकळी सोडलेली असते. तो सांडवा. तलावाचा सगळा जीव त्या वाटेत असतो, आणि फिरायला आलेल्यांचं नेमकं तिकडेच लक्ष नसतं.

याचं ठळक उदाहरण आपल्याकडे नाही, नागपुरात आहे. अंबाझरी तलावाचं मातीचं धरण 1870 चं. नाग नदीवरचा हा तलाव एके काळी शहराला पाणी पाजायचा. पुढे तो संध्याकाळी फिरायला जाण्याची जागा झाला. काठाशी उद्यान आलं, खाली वसाहती आल्या, सांडव्यासमोर स्वामी विवेकानंदांचं स्मारक उभं राहिलं, पुढे नदीचं पात्र आवळत गेलं. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. तलाव भरून वाहिला आणि झोपेतली माणसं अंथरुणातून थेट पाण्यात उतरली. मोरभवन स्थानकात एसटी गाड्या बुडाल्या. चार जीव गेले, हजारो घरांत चिखल शिरला. धरण फुटलं नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. दीडशे वर्षांची पाळ उभी राहिली. तिच्या सांडव्याची वाट खाली अडली होती. रहिवाशांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात याचिका केली, तेव्हा कुठे स्मारक, पूल आणि पात्राची रुंदी ही सगळी एकाच धरणाची अंगं आहेत हे बोललं जाऊ लागलं.

मोठ्या धरणांना वाली असतो. आमच्या येलदरीला दरवाजे आहेत, कर्मचारी आहेत, पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी होते. राज्याची धरण सुरक्षितता संघटना नाशकात आहे. 2021 चा धरण सुरक्षा कायदा पंधरा मीटरहून उंच धरणांना लागू होतो, आणि काही अटी जुळल्या तर दहा मीटरच्या पुढच्यांनाही. गावचा तलाव बहुतेक वेळा त्या उंचीला पोचत नाही. तो सिंचनाच्या ‘शून्य ते शंभर हेक्टर’ या खात्यात, जिल्हा परिषदेकडे. तिथं एका शाखा अभियंत्याकडे किती तलाव असतात आणि जीपला डिझेल किती मिळतं, हे त्यालाच विचारावं. दुष्काळी कामांवर खडी फोडून ज्या हातांनी अशा पाळी रचल्या, ते आता थकले.

गेल्या पावसाळ्यात एका तलावाच्या सांडव्यावर गेलो. उंबरठ्यावर मातीनं भरलेली पोती रचली होती, हातभर पाणी जास्त साठावं म्हणून. म्हणजे पाळीचा माथा आणि पाणी यांच्यातलं राखीव अंतर हातभर कमी. खालच्या चरात तूर पेरलेली. शेतकरी तिथंच होता. म्हटलं, ही पाण्याची वाट आहे.

“ठाव हाय की भाऊ. चार-पाच सालातून एकदा येतंय पाणी इकडून. बाकीची सालं रान पडीक ठिवू का?”

मी पोत्यांबद्दल विचारलं. ती साऱ्या गावानं मिळून रचली, म्हणाला. विहिरींना पाणी टिकतं. हे खोटं नव्हतं, त्याची विहीर काठोकाठ होती. आभाळ येलदरीच्या बाजूनं भरून येत होतं. आम्ही दोघांनी मिळून मधली सहा पोती काढली. सातवं फाटलं, माती तिथंच सांडली. बाकीची उद्या काढू म्हणून तो जनावरं सोडायला गेला.