केसाएवढी फट

वाऱ्याने दार ओढले गेले आणि लॅच लागले. चावी आत, मी बाहेर. शेजारच्या काकूंनी चौकातल्या चावीवाल्याला फोन केला. थोड्या वेळात तो आला, बरोबर कॉलेजात जाणारा मुलगा. मला वाटले होते, आता ड्रिल निघणार. त्याने पिशवीतून एक कोरी चावी काढली, बारीक कानशीने तिची कड चकचकीत केली आणि ती कुलपात घातली. पकडीने फिरवण्याचा जोर देत चावी जराशी वरखाली हलवली, बाहेर काढली आणि जिन्यातल्या खिडकीशी उजेडात तिरकी धरली.

"ताई, दिसतंय का काही?"

मला काही दिसले नाही. मुलाला दिसले. "तिसऱ्या जागी," तो म्हणाला. चष्मा पुसून पाहिले, तेव्हा पितळेवर सुईच्या टोकाने टेकवल्यासारखा एक ठिपका होता. त्या जागी कानशीचे दोन हात मारून चावी पुन्हा आत गेली.

तो ठिपका कुठून येतो, हे समजायला लॅचच्या पोटात शिरावे लागते. आत पितळेचा एक गोल गाभा असतो आणि तो बाहेरच्या कवचात फिरतो. दोन्हींना मिळून ओळीने भोके पाडलेली असतात, बहुधा पाच. प्रत्येक भोकात एकावर एक दोन पिना आणि वर स्प्रिंग. दोन पिनांमधला सांधा गाभा आणि कवच यांच्या सीमेवर नेमका आला, की ती जोडी वाट सोडते. पाचही सांधे एकाच वेळी सीमेवर आणणे, हे चावीच्या खाचांचे काम. प्रत्येक खाचेला दहा पायऱ्यांची खोली धरली, तर कागदावर एक लाख चाव्या होतात. प्रत्यक्षात कमी, कारण खूप खोल खाचेशेजारी अगदी उथळ खाच घेता येत नाही.

आता खरी गंमत. गाभा कवचात घट्ट बसवला तर तो फिरणारच नाही, म्हणून केसाएवढी फट ठेवावीच लागते. शिवाय पाच भोके कितीही काळजीने पाडली, तरी अगदी एका रेषेत येत नाहीत. त्यामुळे गाभा पिळला की पाचही पिना एकदम अडकत नाहीत. जिचे भोक रेषेबाहेर सर्वांत जास्त, ती आधी अडकते. अडकलेली पिन चावीच्या रेट्याने वर सरकत नाही, आणि चावीवरच ठिपका उठवते. कानशीने ती जागा खोल होत जाते, पिन खाली उतरते आणि सांधा सीमेवर आला की ती मोकळी होते. ठिपका उमटायचा थांबतो, तिथे कानसही थांबवायची. मग दुसरी पिन अडकते.

ही पिनांची युक्ती फार जुनी आहे. प्राचीन इजिप्तमधल्या लाकडी कुलपांत खुंट्या आडण्याच्या भोकांत पडत आणि खुंट्यांचीच लाकडी चावी त्यांना वर उचलत असे. तीच कल्पना धातूत आणली अमेरिकेतल्या येल बापलेकांनी. थोरले लायनस येल न्यूयॉर्क राज्यातल्या न्यूपोर्ट गावी बँकांची कुलपे घडवत. १८४८मध्ये त्यांनी पिनांचे कुलूप केले. मुलगा, त्याचेही नाव लायनसच, आधी व्यक्तिचित्रे रंगवायचा. पुढे तो वडिलांच्याच धंद्यात उतरला आणि १८६१ व १८६५च्या पेटंटांत त्याने खिशात मावणारी चपटी, दातेरी चावी दिली. १८६८मध्ये तो वारला, तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होता. माझ्या दाराचे कुलूप त्याच घराण्यातले.

फटीपुढे मोठमोठे कारागीर हरले आहेत. लंडनच्या जोसेफ ब्रामाने १७८४मध्ये एका कुलपाचे पेटंट घेतले. त्याचे भाग काटेकोर व्हावेत म्हणून त्याच्या कारखान्यात हेन्री मॉडस्लेने खास यंत्रे उभारली. दुकानाच्या खिडकीत पाटी होती: हे कुलूप चावीवाचून उघडेल त्याला २०० गिनी. ब्रामा १८१४मध्ये गेला, पाटी कित्येक दशके राहिली. १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी आलेल्या आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकी कुलूपकाराने ते आव्हान घेतले. सोळा दिवसांत मिळून ५१ तास लागले, पण कुलूप उघडले. त्याचाही आधार तोच होता: ताण द्यायचा आणि आधी काय अडकते ते हाताला कळू द्यायचे.

हे हाताला कळणे मला सर्वांत थक्क करते. आपल्या तळहाताच्या त्वचेखाली पॅसिनी कणिका असतात, कांद्यासारख्या पापुद्र्यांच्या. सेकंदाला अडीचशेच्या आसपासची कंपने त्यांना सर्वांत चांगली कळतात, आणि अशी कंपने हातातल्या अवजारातूनही पोचतात. पकडीच्या दांड्यातून आतली पिन जाणवते ती अशी. २०१३मध्ये स्टॉकहोमच्या संशोधकांनी दाखवले, की बोट फिरवल्यावर माणसाला जेमतेम १३ नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्याही ओळखता येतात. केसाची जाडी त्याच्या हजारो पट. इतके संवेदनशील बोट आपल्या सगळ्यांकडे आहे. त्याला काय ओळखायचे ते कुणीतरी शेजारी बसून शिकवावे लागते.

चावीवाला शिकलगार. हे नाव अरबी 'सैकल'वरून आले, म्हणजे उजळणे, पॉलिश करणे. तलवारी उजळणाऱ्या या समाजातली बरीच कुटुंबे शस्त्रांचे दिवस सरल्यावर चाव्यांकडे वळली. त्याच्या पणजोबांच्या हाती तलवारी होत्या, आजोबांनी चाव्या धरल्या. "वडिलांनी पहिले कित्येक महिने नुसती कड चमकवायलाच लावली," तो म्हणाला. "कड मळकट असेल तर ठिपका दिसणार कसा?" तलवारीच्या पात्याचा हात पितळेच्या कडेवर आला होता.

पाऊण तासाने गाभा फिरला. नवी चावी मी घरातल्या भिंगाखाली धरली. चार खाचा स्वच्छ होत्या, पाचवीत बारीकसा ठिपका अजून चमकत होता. हीही घासायची राहिली का, असे मी विचारले.

"राहू दे ताई," कानस कापडात गुंडाळत तो म्हणाला. "तेवढी जागा कुलपात असते."