मोटारींतील एसीची गळती

गेल्या वर्षीं वैशाखांत, हृदयविकारानें क्षीण झालेल्या थोरल्या बंधूंस घेऊन मला मालवणाहून फोंडाघाटाच्या मार्गें कोल्हापुरास जावें लागलें. घाटाच्या पायथ्याशींच एसीमधून गरम वारा येऊं लागला. कांचा खालीं केल्या, बंधूंच्या मस्तकावर ओला पंचा ठेविला आणि कसेबसे पोहोंचलों. त्या यंत्रांत दोनच महिन्यांपूर्वीं गॅस भरून घेतला होता, व त्याच्या आदल्या वर्षीं दोन वेळां. तीन वेळां पैसे मोजून आपण विकत तरी काय घेतलें, याचा विचार मीं त्या दिवशीं प्रथम केला.

एसींतील गॅस हा पेट्रोलप्रमाणें जळून खर्च होणारा पदार्थ नव्हे. कॉम्प्रेसर त्यास दाबतो, गाडीच्या तोंडाशीं असलेल्या कंडेन्सरमध्यें तो उष्णता टाकून द्रवरूप होतो, आणि पुढें बारीक छिद्रांतून सुटून डॅशबोर्डामागील कॉइलमध्यें त्याची वाफ होतांना गाडींतील उष्णता शोषून घेतो. मग तोच गॅस पुन्हां कॉम्प्रेसरकडे जातो. रबरी नळ्यांतून तो वर्षानुवर्षें किंचित् झिरपतो हें खरें. परंतु एका हंगामांत यंत्र रितें झालें तर कोठें तरी वाट पडली आहे असेंच समजावें. मी महसूल खात्यांत तीस वर्षें कारकुनी केली. शिल्लक जुळेना म्हणून खिशांतून भर घालून वही मिटणाऱ्यास आम्ही शहाणा म्हणत नसूं. कुर्ल्यांनीं बांधास बीळ पाडलें असतां नुसतें पाटाचें पाणी वाढविणाराही त्याच पंक्तींतला.

गळतीची पहिली खूण फुकट मिळते. गॅसाबरोबर यंत्रांतील तेलही थोडें थोडें बाहेर येतें व त्यावर धूळ बसते. म्हणून सांधे, नळ्यांचीं टोंकें, कॉम्प्रेसरचा पुढील भाग व कंडेन्सर यांवर तेलकट काळा डाग आहे काय तें पाहावें. गॅस भरण्याच्या दोन तोंडांवरील टोपणें बहुधा हरवलेलीं असतात, तेथेंही लक्ष द्यावें. संशयाच्या जागीं साबणाचा दाट फेंस लावावा. बुडबुडे आले कीं चोर सांपडला. त्यानें न भागल्यास कारागिराकडून गॅस हुंगणारें यंत्र फिरवून घ्यावें. हा वायु हवेहून जड, म्हणून यंत्राचें टोंक सांध्याच्या खालून धरावें लागतें. डॅशबोर्ड उघडण्यापूर्वीं कॉइलचें पाणी जेथून ठिबकतें त्या नळीशीं तेंच यंत्र धरून पाहावें, म्हणजे मोठी मोडतोड वांचते. दाब देऊन तपासणें असेल तर नायट्रोजन भरावा. ऑक्सिजन कदापि भरूं देऊं नये. तेलाशीं गांठ पडल्यास स्फोट होतो.

माझ्या गाडींत गळती कंडेन्सरच्या खालच्या कोंपऱ्यांत निघाली. तेथें वाळू बसून खाऱ्या हवेनें अल्युमिनियमची नळी खाऊन टाकली होती. तीवर लांबी थापण्याचा सल्ला एका कारागिरानें दिला, तो मीं मानला नाहीं. उन्हाळ्यांत चालू यंत्रांत त्या जागीं दर चौरस इंचास दोनशें पौंडांवर दाब असतो, तेथें लांबी काय टिकणार! तारकर्ली-देवबागेकडे वाळूंत गाडी नेणाऱ्यांनीं घरीं येतांच कंडेन्सरवर गोड्या पाण्याची हलकी धार सोडावी. जोराचा फवारा मारल्यास पातीं वांकतात.

नवा कंडेन्सर, सांध्यांचीं नवीं रबरी कडीं व ओल शोषणारा ड्रायर बसविल्यावर पंपानें यंत्र निर्वात करावें लागतें. आपल्या दमट हवेंत पंप निदान अर्धा तास चालावा, व तो थांबविल्यावर कांटा स्थिर राहतो काय हें मालकानें स्वतः उभें राहून पाहावें. गॅस तराजूवर मोजून भरावा. किती ग्रॅम तें बहुधा बॉनेटखालील चिठ्ठीवर छापलेलें असतें. हाताला थंड लागलें कीं पुरे, असें म्हणणाऱ्याकडून भरून घेऊं नये. गॅस अधिक झाला तरीही थंडावा कमीच होतो. यंदा वैशाखांत बंधूंस त्याच वाटेनें नेलें, तेव्हां घाटांत त्यांनीं शाल मागितली.

उरलेला जुना गॅस मात्र हवेंत सोडूं देऊं नये. पूर्वींचा आर-१२ ओझोनच्या थरास मारक म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारान्वयें मागें पडला. त्याच्या जागीं आलेला आर-१३४ए पृथ्वी तापविण्यांत कार्बन डायॉक्साइडहून सुमारें चौदाशेंपट प्रबळ आहे. शिवाय तो उणें २६ अंशांवरच उकळतो. डोळ्यांत उडाल्यास जबर इजा होते, यास्तव सांधा घरीं सोडूं नये.

पावसाळ्याचे चार महिने एसी बंद ठेवण्याची आपल्याकडील रीतही सोडावी. तेणेंकरून कॉम्प्रेसरच्या दांड्यावरील सील कोरडें पडून तेथून गळूं लागतें. आठवड्यांतून दहा मिनिटें यंत्र चालवावें, कांचेवरील धुकेंही जातें. आमच्या घरीं त्यासाठीं शनिवार ठरविला आहे.