थंड व दमट हवामानातील धान्यपिके व वैरण

थंड व दमट हवामानातील धान्यपिके व वैरण : उन्हाळा सौम्य, हिवाळा बेताचा थंड आणि पाऊस वर्षभर विखुरलेला, असे हवामान असलेल्या प्रदेशांत शेतीचे एक स्वतंत्र स्वरूप आढळते. आयर्लंड, ग्रेट ब्रिटनचा पश्चिम भाग, फ्रान्सचा ब्रिटनी प्रांत आणि नॉर्वेची किनारपट्टी हे यूरोपातील प्रमुख प्रदेश या प्रकारात मोडतात. तेथे पीक सहज वाढते, पण ते कष्टाने पिकते व त्याहूनही अधिक कष्टाने वाळते. पिकांची निवड, गवताला मिळालेले प्राधान्य, वैरण साठविण्याच्या पद्धती आणि रोगांचे स्वरूप या सर्वांचे मूळ या एका वस्तुस्थितीत आहे. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः आयर्लंडच्या आधारे या शेतीचे विवेचन केले आहे.

हवामान : आयर्लंड उत्तर अक्षांश ५१° ते ५५° यांच्या दरम्यान असूनही अटलांटिक महासागरावरून येणाऱ्या उबदार पश्चिमी वाऱ्यांमुळे तेथील हिवाळा कडक नसतो. वार्षिक सरासरी तापमान सु. ९° ते १०° से. असून सर्वांत थंड व सर्वांत उष्ण महिन्यांच्या सरासरीत केवळ सु. १०° से. चा फरक असतो. पाऊस पूर्व भागात सु. ७५० ते १,००० मिमी. व पश्चिम भागात सु. १,००० ते १,४०० मिमी. पडतो. यातील पहिला आकडा मराठी वाचकाला मोठा वाटणार नाही; डब्लिन व पुणे येथील वार्षिक पर्जन्यमान जवळजवळ सारखेच आहे. परंतु पुण्याचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडून जातो, तर आयर्लंडमध्ये तो बारा महिन्यांत विभागलेला असतो. पूर्व किनाऱ्यावर वर्षातून सु. १५० दिवस व पश्चिमेकडील काही भागांत सु. २२५ दिवस पावसाचे असतात. हवा थंड व आर्द्र असल्याने बाष्पीभवन मंद होते. त्यामुळे अशा प्रदेशात शेतीची अडचण पावसाच्या एकूण मापापेक्षा कोरड्या दिवसांच्या अभावातून अधिक उद्‌भवते.

जमीन : सततच्या पावसाने जमिनीतील कॅल्शियम व मॅग्नेशियम धुपून खाली जातात आणि ती अम्लधर्मी बनते. अम्लता वाढली म्हणजे फॉस्फरस पिकांना कमी प्रमाणात उपलब्ध होतो आणि द्विदल वनस्पतींच्या मुळांवरील गाठींतील जंतूंचे कार्य मंदावते. म्हणून ठराविक वर्षांच्या अंतराने चुनखडीची पूड घालून जमिनीचे पीएच मूल्य सु. ६·३ ते ६·५ इतके राखतात. चिकण जमिनीत निचरा ही दुसरी गरज असते. पाणी साचलेल्या जमिनीत मुळांना हवा मिळत नाही, ती वसंत ऋतूत उशिरा तापते आणि गुरांच्या खुरांनी तुडविली जाऊन तिची रचना बिघडते. स्कॉटलंडमध्ये जेम्स स्मिथ यांनी १८३० च्या सुमारास समांतर भूमिगत चरांची पद्धत प्रचारात आणली. पुढे भाजलेल्या मातीच्या आणि अलीकडे सच्छिद्र प्लॅस्टिकच्या नळ्या जमिनीखाली घालून निचरा साधण्यात येऊ लागला.

धान्यपिके : थंडीमुळे धान्याचे उत्पन्न कमी येत असावे, असा साहजिक समज होतो, प्रत्यक्षात स्थिती उलट आहे. ऑक्टोबरात पेरलेला गहू पुढील ऑगस्टमध्ये, म्हणजे सु. दहा महिन्यांनी कापणीस येतो. महाराष्ट्रात नोव्हेंबरात पेरलेला गहू सु. ११० ते १२० दिवसांत तयार होतो. उष्णतेमुळे पिकाच्या विकासाच्या अवस्था झपाट्याने उरकतात व दाणा भरण्यास थोडाच अवधी मिळतो. वायव्य यूरोपात दाणा भरण्याची अवस्था सु. सहा ते सात आठवडे चालते. त्या काळात दिवसही सोळा-सतरा तासांचा असतो आणि जमिनीत ओलावा टिकून असतो. त्यामुळे आयर्लंडमध्ये गव्हाचे सरासरी उत्पन्न दर हेक्टरी ९ ते १० टनांच्या आसपास येते. भारताची सरासरी सु. ३·५ टन आहे.

या विपुल उत्पन्नाला कापणीच्या वेळी मात्र अडथळा येतो. धान्य दीर्घकाळ सुरक्षित राहण्यासाठी त्यातील ओलावा सु. १४ टक्क्यांपर्यंत उतरावा लागतो. ऑगस्टच्या दमट हवेत तो १८ ते २० टक्के व पावसाळी वर्षात त्याहूनही अधिक असतो. कापणी लांबल्यास उभ्या पिकातील ओंब्यांत दाण्यांना मोड येतात. मोड येताना स्टार्चाचे विघटन करणारी एंझाइमे कार्यान्वित होतात व अशा पिठाचा पाव नीट फुगत नाही. यामुळे तेथील बराचसा गहू पशुखाद्यासाठी वापरला जातो. कृत्रिम उष्णतेने धान्य वाळविणे ही या प्रदेशातील जुनी गरज आहे; आयर्लंड व स्कॉटलंड येथील उत्खननांत धान्य वाळविण्याच्या दगडी भट्ट्यांचे अवशेष मोठ्या संख्येने सापडले आहेत.

याच कारणास्तव गव्हापेक्षा सातू व ओट या पिकांना येथे अधिक जुने स्थान आहे. वसंत ऋतूत पेरलेला सातू पाच-सहा महिन्यांत हाती येतो. आयर्लंडमध्ये धान्यपिकांत त्याचे क्षेत्र सर्वाधिक असून त्याचा उपयोग पशुखाद्यासाठी आणि मद्यनिर्मितीस लागणाऱ्या माल्टसाठी होतो. ओटला ओलावा भरपूर लागतो व काहीशी अम्लधर्मी जमीनही चालते. म्हणून गरीब जमिनीच्या डोंगराळ भागात लोकांचे मुख्य अन्न दीर्घकाळ ओटच होते.

गवत व द्विदल वैरण : धान्य पिकण्यासाठी लागणारे कोरडे ऊन येथे दुर्मिळ असले, तरी गवताला पिकण्याची गरजच नसते. त्याचे पानच उपयोगी असते. जमिनीचे तापमान सु. ५° ते ६° से. च्या वर गेले म्हणजे गवत वाढू लागते. त्यामुळे आयर्लंडच्या नैर्ऋत्य भागात वर्षातील सु. अकरा महिने व ईशान्येस सु. आठ महिने गवताची वाढ चालू राहते. तेथील शेतजमिनीपैकी सु. ९० टक्के जमीन गवताखाली आहे, याचे कारण हेच होय.

पेरलेल्या कुरणांत बारमाही राय गवत (लोलियम पेरेन्नी) सर्वांत महत्त्वाचे असते. ते लवकर रुजते, चराई व तुडवण सहन करते आणि त्यात शर्करेचे प्रमाण चांगले असते. त्याच्या जोडीला पांढरा क्लोव्हर (ट्रायफोलियम रिपेन्स) पेरतात. याची खोडे जमिनीलगत पसरत असल्याने गुरांच्या चरण्याने त्याची हानी होत नाही. अनुकूल परिस्थितीत क्लोव्हरयुक्त कुरणात दर हेक्टरी वर्षाला १०० किग्रॅ.हून अधिक नायट्रोजन हवेतून स्थिर होतो. कापणीच्या वैरणीसाठी उभट वाढणारा तांबडा क्लोव्हर (ट्रायफोलियम प्रॅटेन्स) घेतात. अधिक थंड उत्तरेकडील भागांत टिमोथी गवत (फ्लीअम प्रॅटेन्स) टिकाव धरते. महाराष्ट्रात परिचित असलेला लसूणघास अम्लधर्मी व पाणथळ जमिनीत तग धरत नसल्याने त्याची लागवड येथे मर्यादित आहे. मका हे मूळचे उष्ण प्रदेशातील पीक. त्याचे क्षेत्रही थोडे असून काही शेतकरी पेरणीबरोबर जमिनीवर पातळ प्लॅस्टिकचे आवरण घालून त्याला लागणारी ऊब निर्माण करतात.

हिवाळ्यात ताज्या चाऱ्यासाठी सलगमाचे प्रकार, केल व चाऱ्याचे बीट ही पिके घेतात. अठराव्या शतकात इंग्लंडच्या नॉरफॉक परगण्यात गहू, सलगम, सातू व क्लोव्हर असा चार वर्षांचा फेरपालट रूढ झाला. त्यामुळे जमीन पडीक न ठेवता हिवाळ्यात अधिक जनावरे पोसणे व त्यांच्या खताने जमिनीचा कस राखणे शक्य झाले.

सुकी वैरण व मुरघास : कोवळ्या गवतात सु. ८० टक्के पाणी असते. ते सुकवून १५ टक्के ओलाव्याची एक टन वैरण करावयाची, तर सु. ४·२५ टन ओले गवत लागते आणि त्यातील ३·२५ टन पाणी शेतातच उडून जावे लागते. यासाठी सलग तीन ते पाच दिवस ऊन व वारा हवा. असे दिवस जूनमध्येही हमखास लाभत नाहीत. पावसात भिजलेल्या गवतातील शर्करा व प्रथिने वाहून जातात आणि त्यावर बुरशी चढते. ही बुरशी श्वासावाटे शरीरात गेल्याने शेतकऱ्यांना फुप्फुसाचा विकारही जडतो. नॉर्वेत खांबांना ताणलेल्या तारांवर गवत टाकून आणि आयर्लंडमध्ये शेतातच लहान-मोठ्या गंजी रचून वैरण वाळविण्याची प्रथा होती. तरीही तिची प्रत दैवावर अवलंबून राहत असे.

मुरघासाच्या पद्धतीने ही अडचण बऱ्याच अंशी दूर केली. कापलेले गवत सु. एक दिवस सुकवून २५ ते ३० टक्के शुष्कांशावर आणले, की ते मुरघासास योग्य होते. वरील उदाहरणातील गवत २५ टक्क्यांवर आणण्यास ३·२५ टनांऐवजी केवळ सु. ०·८५ टन पाणी उडावे लागते. नंतर गवताचे तुकडे करून दाबून भरतात व हवाबंद करतात. हवेच्या अभावी दुग्धाम्लजनक जंतू गवतातील शर्करेपासून दुग्धाम्ल तयार करतात, पीएच मूल्य ४ च्या आसपास उतरते आणि कुजविणाऱ्या जंतूंची वाढ थांबते. गवत फार ओले असल्यास किंवा त्यात माती मिसळल्यास ब्युटिरिक अम्ल तयार होऊन मुरघासास दुर्गंधी येते व जनावरे तो नाकारतात.

फ्रान्समध्ये ऑग्यूस्त गोफार यांनी मक्याच्या मुरघासावरील आपला ग्रंथ १८७७ मध्ये प्रसिद्ध केला. फिनलंडचे रसायनशास्त्रज्ञ आर्तुरी इल्मारी व्हिर्तानेन यांनी विरल खनिज अम्ले मिसळून चाऱ्याचे पीएच मूल्य त्वरित ४ च्या खाली आणण्याची पद्धत शोधली. चारा टिकविण्याची ही पद्धत आणि कृषी व पोषण रसायनशास्त्रातील संशोधन यांबद्दल त्यांना १९४५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. स्वस्त प्लॅस्टिकचे कापड उपलब्ध झाल्यावर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुरघास लहान शेतकऱ्यांपर्यंत पोहोचला.

मुरघासामुळे ऋतूंवरील अवलंबन कमी झाले, पण संपले नाही. २०१२ चा उन्हाळा अतिशय ओला गेला व २०१३ च्या थंड वसंतात गवत उशिरा वाढले; तेव्हा आयर्लंडला ब्रिटन व फ्रान्समधून वैरण आयात करावी लागली. २०१८ मध्ये लांबलेली थंडी व त्यानंतरचे उन्हाळी अवर्षण यांमुळे पुन्हा टंचाई निर्माण झाली.

रोग : पानांवर टिकून राहणारा ओलावा कवकांना पोषक ठरतो. गव्हाच्या पानांवरील सेप्टोरिया करपा हा आयर्लंडमधील गव्हाचा सर्वांत नुकसानकारक रोग असून त्याची बीजुके पावसाच्या थेंबांच्या शिंतोड्यांबरोबर खालच्या पानांवरून वरच्या पानांवर पोहोचतात. त्याच्या नियंत्रणासाठी फवारण्यांवर मोठा खर्च होतो. क्लोरोथॅलोनिल या महत्त्वाच्या कवकनाशकाचा वापर यूरोपीय संघात २०२० मध्ये बंद झाल्याने रोगप्रतिकारक वाणांचे महत्त्व वाढले आहे.

या हवामानाचे सर्वांत भीषण रूप बटाट्यावरील करप्याने दाखविले. फायटॉप्थोरा इन्फेस्टन्स या कवकसदृश जीवामुळे होणारा हा रोग १८४५ मध्ये आयर्लंडमध्ये पोहोचला. गरीब जनता जवळजवळ सर्वस्वी बटाट्यावर, तोही मुख्यतः ‘लंपर’ या एकाच वाणावर जगत होती. त्यानंतरच्या दुष्काळात सु. १० लाख लोक मृत्युमुखी पडले व त्याहून अधिकांनी देशत्याग केला. १८४१ च्या जनगणनेत सु. ८२ लाख असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये सु. ६५·५ लाखांवर आली. रोगास हवामान कारण झाले, तरी त्याचे महासंकटात रूपांतर होण्यास जमीनधारणेची पद्धत, दारिद्र्य व तत्कालीन शासनाचे धोरणही कारणीभूत होते. पुढे आयरिश हवामानशास्त्रज्ञ ऑस्टिन बर्क यांनी १९५० नंतरच्या काळात करप्याचा पूर्वअंदाज देणारे नियम बसविले. तापमान किमान १०° से. व सापेक्ष आर्द्रता किमान ९० टक्के अशी स्थिती सलग बारा तास टिकणे हा त्यांचा आधार आहे.

जलप्रदूषण : पीक वापरू न शकलेला नायट्रेट शरद ऋतूतील पावसाबरोबर भूजलात व नद्यांत जातो. मुरघासातून झिरपणारा रस ओढ्यात गेल्यास पाण्यातील ऑक्सिजन संपून मासे मरतात. यूरोपीय संघाच्या १९९१ च्या नायट्रेट निर्देशानुसार जनावरांच्या खतातून दर हेक्टरी वर्षाला १७० किग्रॅ.पर्यंतच नायट्रोजन देता येतो. आयर्लंडमधील काही शेतकऱ्यांना २५० किग्रॅ.पर्यंत सवलत होती; पाण्याची प्रत ढासळल्यामुळे २०२४ पासून काही भागांत ती २२० किग्रॅ.वर आणण्यात आली. खतांचा वापर घटविण्यासाठी क्लोव्हरयुक्त कुरणांना उत्तेजन देण्यात येते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने : असे हवामान महाराष्ट्रात बारमाही नसले, तरी वाळवणाची अडचण कोकण व सह्याद्री यांना अपरिचित नाही. तेथील गवत सर्वांत पौष्टिक असते तेव्हा पाऊस चालू असतो, आणि पाऊस उघडून ते कापले जाईपर्यंत फुलोरा येऊन त्यातील प्रथिने घटलेली व तंतू वाढलेले असतात. राज्यात मुरघासाचा प्रसार मुख्यतः मक्याच्या आधारे झाला आहे. गवतासाठी ही पद्धत वापरल्यास उघडिपीची वाट न पाहता वैरण योग्य वेळी कापता येते. मात्र डोंगराळ भागातील गवतात शर्करा कमी असल्याने त्यात थोडी मळी मिसळणे, ते बारीक तोडणे व घट्ट दाबून भरणे आवश्यक ठरते.