खेळाचा नकाशा कोण आखतं? टीव्हीचे करार, अमेरिकेतली कॉलेजं आणि आपला विदर्भ

विषय जाहीर झाला तेव्हा एक-दोघांनी विचारलं, अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळाचा आणि अंजनगाव सुर्जीचा काय संबंध? संबंध आहे. तुमचं गाव इतिहासाच्या पुस्तकात येतं ते एका तहामुळे. ३० डिसेंबर १८०३ ला दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यातला तह इथे झाला. त्याच्या तेराच दिवस आधी नागपूरकर भोसल्यांनी देवगावच्या तहात वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडून दिला, तो निजामाकडे गेला. १८५३ मध्ये इंग्रजांनी तो ताब्यात घेतला, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला. आज विदर्भाचा क्रिकेट संघ मुंबई-पुण्याबरोबर 'पश्चिम विभागात' नाही, 'मध्य विभागात' आहे. त्याचं मूळ शोधत गेलं तर आपण या सह्यांपाशी येऊन पोचतो.

म्हणजे आपल्याकडे खेळाचा नकाशा राज्यकारभारानं आखला. अमेरिकेत गेल्या काही वर्षांत तो टीव्हीच्या करारांनी आखला. या दोन पद्धतींत खेळणाऱ्या पोराचं काय होतं, एवढंच मला आज सांगायचं आहे.

आधी 'माध्यम-हक्क' म्हणजे काय ते बघू. तुमच्या भागातल्या संत्र्याच्या बागायतदाराला हे समजावून सांगावं लागत नाही. तो आंबिया बहार झाडावरच व्यापाऱ्याला देतो. झाडं त्याचीच राहतात, जमीन त्याचीच, पण त्या हंगामाचं फळ तोडायचा हक्क पैसे मोजणाऱ्याचा. सामन्याचंही तसंच. मैदान, संघ, स्पर्धा आयोजकाची. ठरावीक वर्षांपुरतं त्या सामन्यांचं चित्र दाखवायचा हक्क टीव्ही कंपनीचा. फळ अजून आलेलं नसतं, तरी भाव ठरतो. आता गावातल्या प्रत्येकानं आपला बहार वेगळा विकला तर मोठ्या बागेला चांगला भाव मिळतो, पाच-पन्नास झाडांच्या मालकाकडे व्यापारी फिरकत नाही. सगळ्यांनी मिळून विकला तर लहान्यालाही भाव मिळतो, पण मोठा कुरकुरतो की माझ्या फळावर दुसऱ्याचं भागतंय. पुढची सगळी भांडणं या कुरकुरीतून निघतात.

अमेरिकेत कॉलेजचा फुटबॉल, म्हणजे त्यांचा तो हेल्मेट घालून खेळायचा प्रकार, हा आपल्या आयपीएलसारखा धंदा आहे. तिथली विद्यापीठं गट करून खेळतात, त्या गटाला कॉन्फरन्स म्हणतात. गट मुळात भूगोलानं ठरायचे: शेजारी-शेजारी असलेली विद्यापीठं, बसनं जाऊन खेळून येण्याचं अंतर. टीव्हीवर कोणाचे किती सामने दाखवायचे हे त्यांची राष्ट्रीय संघटना, एनसीएए, ठरवायची. लोकप्रिय संघांवरही मर्यादा होती. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया ही विद्यापीठं कोर्टात गेली. २७ जून १९८४ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ७ विरुद्ध २ असा निकाल दिला की ही मक्तेदारी बेकायदा आहे. विरोधात मत देणाऱ्या दोघांत एक होते न्यायमूर्ती बायरन व्हाइट. हे गृहस्थ स्वतः कॉलेजात आणि नंतर व्यावसायिक फुटबॉल गाजवलेले. त्यांचं म्हणणं, हा कॉलेजचा खेळ आहे, याला निव्वळ बाजाराचं माप लावू नका. कायद्याच्या दृष्टीनं बहुमत बरोबर असेल. पण पुढे काय होणार हे मैदानावर घाम गाळलेल्या माणसाला जास्त दिसलं, असं मला वाटतं.

निकालानंतर हक्क विद्यापीठांकडे आणि कॉन्फरन्सकडे आले. मग प्रत्येक गट आपला बहार वेगळा विकू लागला, आणि ज्या गटात मोठ्या शहरांतले संघ जास्त त्याला भाव जास्त. साहजिकच मोठे संघ जास्त भाव मिळणाऱ्या गटाकडे सरकायला लागले. जून २०२२ मध्ये लॉस एंजलिसच्या दोन विद्यापीठांनी, यूएससी आणि यूसीएलएनं, पश्चिम किनाऱ्याची पॅक-१२ सोडून बिग टेन या गटात जायचं ठरवलं. त्याच ऑगस्टमध्ये बिग टेननं फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी सात वर्षांचा करार केला, सुमारे सात अब्ज डॉलरचा. पॅक-१२ ला मात्र तसा खरेदीदार मिळेना. ॲपलचा एक प्रस्ताव आला, पण त्यातला बराचसा पैसा किती ग्राहक वर्गणी भरतील यावर होता. ४ ऑगस्ट २०२३ ला एका दिवसात पाच विद्यापीठांनी गट सोडला. महिनाभरात आणखी दोन गेली. ती गेली 'अटलांटिक कोस्ट' नावाच्या गटात, स्वतः पॅसिफिकच्या काठावर असून! बिग टेनमध्ये आता अठरा संघ आहेत, नाव अजून 'टेन'च.

मागे राहिले दोन: ओरेगॉन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. वॉशिंग्टन स्टेट ज्या पुलमन गावात आहे ते गव्हाच्या शेतांमधलं गाव, लोकसंख्येनं अंजनगावपेक्षाही लहान. शंभर वर्षांहून जुन्या गटात ते बरोबरीनं खेळले. त्यांचा खेळ काही एकाएकी बिघडला नव्हता. त्यांच्या गावात पुरेसे टीव्ही नव्हते, एवढंच. कोर्टात भांडून गटाच्या कारभाराचा ताबा त्यांनी मिळवला, आणि नवे सोबती गोळा करून २०२६ पासून गट पुन्हा उभा करायचं ठरवलं. पण जुने शेजारी गेले ते गेले. आणि जे गेले त्यांचं? फुटबॉलसाठी केलेल्या कराराची किंमत व्हॉलीबॉलच्या मुली मोजतात. लॉस एंजलिसहून न्यू जर्सी चार हजार किलोमीटरच्या आसपास. खेळायला जायचं, आणि परत येऊन वर्गात बसायचं.

गट इतक्या सहज फुटतात तर त्यांना बांधून ठेवायला काही नाही का? आहे. विद्यापीठ आपल्या घरच्या सामन्यांचे हक्क अमुक वर्षांसाठी गटाच्या नावे लिहून देतं. बागायतदारानं पंधरा वर्षांचा बहार संघाला लिहून द्यावा तसं: तुम्ही संघ सोडा, पण फळ संघाचंच. फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन या विद्यापीठांनी असल्याच कराराविरुद्ध दावे लावले, आणि मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली. तडजोडीत काय मिळालं? जास्त प्रेक्षक खेचणाऱ्याला जास्त वाटा. पुन्हा तीच कुरकुर.

आता इकडे येऊ. आपल्याकडेही कोर्टाचा एक निकाल आहे आणि त्यामागचा सामना तुम्हाला आठवत असेल. नोव्हेंबर १९९३, हिरो कप, ईडन गार्डन, उपांत्य सामना. शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला सहा धावा हव्या होत्या आणि चेंडू सचिनच्या हातात. आपण दोन धावांनी जिंकलो. त्याच स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांच्यात भांडण लागलं होतं. संघटनेनं हक्क परदेशी कंपनीला दिले, दूरदर्शन म्हणे प्रक्षेपण आमचंच. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आकाशातल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही. त्या खंडपीठावर आपल्या महाराष्ट्रातले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. निकालाचा रोख नागरिकांच्या अभिव्यक्तीवर होता, पण सगळ्यात मोठा बाजार भरला तो क्रिकेटचा. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे आयपीएलचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले.

तिकडे निकालानंतर हक्क फुटून गटागटांकडे गेले. इकडे ते एकाच हातात राहिले, बीसीसीआयच्या. मक्तेदारीच म्हणा हवं तर. पण तिचा एक परिणाम असा की विदर्भाला स्वतःचा बहार वेगळा विकावा लागला नाही. मंडळाच्या जुन्या नियमाप्रमाणे माध्यम-हक्कांच्या उत्पन्नातला ७० टक्के हिस्सा राज्य संघटनांकडे जाई, आणि पूर्ण सदस्याचा वाटा त्याच्या गावात किती टीव्ही आहेत यावर ठरत नसे. विदर्भाची रणजी सामन्यांची प्रक्षेपण-किंमत मुंबईच्या बरोबरीची कधीच नव्हती. १९५७-५८ पासून आपण रणजी खेळतोय, आणि साठ वर्षं बाकीचे संघ आपल्याकडे हक्काचे गुण म्हणूनच बघायचे. टीव्हीचा हिशोब लावला असता तर आपलं पुलमन कधीच झालं असतं.

तसं झालं नाही. जामठ्याचं मैदान २००८ मध्ये उभं राहिलं. १ जानेवारी २०१८ ला इंदूरला दिल्लीला हरवून फैज फजलच्या संघानं पहिला रणजी करंडक आणला. गुरबानीची हॅट्‌ट्रिक त्याच सामन्यातली. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकलो, २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा. यात बाहेरचेही होते: वसीम जाफर, नंतर करुण नायर. आपल्याकडे खेळाडू राज्य बदलतो, संघ विभाग बदलत नाही. तिकडे दोन्ही बदलतात.

मात्र राज्यकारभारानं आखलेला नकाशा न्यायाचाच असतो असं समजू नका. बिहारचं बघा. २००० मध्ये राज्य फुटलं, क्रिकेटची मान्यता झारखंडकडे गेली, आणि बिहारचा संघ रणजीत परतला तो थेट २०१८-१९ मध्ये. मधल्या काळातल्या पोरांचं वय काही थांबलं नाही. या असल्या प्रकारांमुळेच लोढा समितीनं म्हटलं, एक राज्य, एक मत. महाराष्ट्राकडे मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ अशी तीन मतं आणि बिहारकडे शून्य, हे कसं चालेल? १८ जुलै २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं ते मान्य केलं. मत तिघांत फिरतं राहणार होतं. समितीचा मुद्दा मला आजही चूक वाटत नाही. पण त्याची किंमत विदर्भानं मोजायची, हे पटत नव्हतं. ९ ऑगस्ट २०१८ ला न्यायालयानंच दुरुस्ती केली आणि तिन्ही संघटनांना पूर्ण सदस्यत्व परत मिळालं. कारण दिलं ते या संघटनांच्या इतिहासाचं आणि क्रिकेटमधल्या योगदानाचं.

त्याच निकालात आणखी एका संस्थेला पूर्ण सदस्यत्व परत मिळालं, तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. भारतीय विद्यापीठ संघ. म्हणजे देशातल्या सगळ्या विद्यापीठांना मिळून बीसीसीआयमध्ये एक मत आहे, मुंबईच्या तोडीचं. इथे कॉलेजची मुलं-मुली बसली आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवावं. विद्यापीठांची रोहिंटन बारिया स्पर्धा १९३५ पासूनची, रणजीहून एकाच वर्षानं लहान. एके काळी तिथून थेट कसोटी संघात माणसं जात. आज ती कोणी विकतही नाही, विकतही घेत नाही. एक गंमत बघा: अमरावती विद्यापीठाचा मुलगा आंतरविद्यापीठ स्पर्धेत पश्चिम विभागात खेळतो, आणि तोच विदर्भाकडून निवडला गेला की दुलीप करंडकाला मध्य विभागात. २०२५ मध्ये मध्य विभागानं दुलीप जिंकला तेव्हा अंतिम सामन्यात विदर्भाच्या यश राठोडनं १९४ केल्या. आपला नकाशा असा ठिगळांचा आहे, पण कोणाला गावाबाहेर तरी काढत नाही.

शेवटी तुमच्या कामाचं. तालुक्यात टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात, यूट्यूबवर लाइव्ह दाखवतात. कॅमेरावाला म्हणतो, भाऊ, फुकट दाखवतो, हक्क माझे. मंडळ खूश. हाच तो करार, लहान आकाराचा. किती वर्षांसाठी हक्क दिले ते कागदावर लिहा. दुसऱ्या कोणाला दाखवता येणार की नाही ते लिहा. आणि जुने सामने कोणाकडे राहणार हे तर नक्की लिहा, कारण निवड समितीला दाखवायला पोराला तीच चित्रफीत लागते. यंदा प्रेक्षक दोनशे आहेत म्हणून कागद करायचा कंटाळा करू नका.

(श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी एक)

प्रश्न : सर, या सगळ्या पैशातलं खेळणाऱ्याला काय मिळतं?

उत्तर : ताई, तिकडे बरीच वर्षं शिष्यवृत्तीपलीकडे टीव्हीच्या पैशातलं काहीच मिळत नव्हतं. ६ जून २०२५ ला एका दाव्यात तडजोड मंजूर झाली. जुन्या खेळाडूंना सुमारे २.८ अब्ज डॉलर भरपाई, आणि पुढे प्रत्येक विद्यापीठाला पहिल्या वर्षी साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंना वाटायची मुभा. त्यातला मोठा भाग फुटबॉलवाले नेणार अशी तक्रार मुलींच्या संघांतल्या काही खेळाडूंनी लगेच केली, आणि ती रास्त आहे. आपल्याकडे पुरुषांच्या रणजीत सामना फी आहे, २०२१ च्या वाढीनंतर अनुभवाप्रमाणे दिवसाला ४० ते ६० हजार. ते पैसे माध्यम-हक्कांच्या सामायिक डब्यातूनच येतात. विद्यापीठाच्या खेळाडूला त्या डब्यातलं काही येत नाही, कारण त्याचा सामना डब्यात टाकलेलाच नाही. विद्यापीठ संघाकडे मत आहे. ते मत या कामासाठी वापरा असं आपल्या क्रीडा संचालकांना पत्र लिहून सांगता येतं. पत्रावर कॉलेजच्या दहा-बारा खेळाडूंच्या सह्या घ्या.