स्फटिकांतील दिशा आणि दाबविद्युत

गॅसची शेगडी पेटवण्याच्या लायटरमध्ये बॅटरी नसते. तरीही खटका दाबताच ठिणगी पडते. आतील लहानशी हातोडी चिनीमातीसारख्या दिसणाऱ्या एका पदार्थावर आपटते आणि त्या आघाताने हजारो व्होल्ट निर्माण होतात. दाबातून वीज निर्माण होण्याच्या या गुणधर्माला 'दाबविद्युत' म्हणतात. पिअर व जॅक क्यूरी या फ्रेंच बंधूंनी १८८० मध्ये क्वार्ट्झसारख्या स्फटिकांत तो दाखवून दिला. याउलट, अशा पदार्थांना वीज दिली असता ते किंचित लांबतात किंवा आखडतात.

काही स्फटिकांत हा गुण फार प्रबळ असतो. बेरियम टायटनेट हे त्याचे उदाहरण. त्यात टायटॅनियमचा प्रत्येक अणू ऑक्सिजनच्या सहा अणूंनी वेढलेला असतो. सुमारे १२० अंश सेल्सिअसच्या खाली तो मध्यापासून किंचित एका बाजूला सरकतो. त्यामुळे एका टोकास धन व दुसऱ्या टोकास ऋण प्रभार प्रकटतो. बाहेरून वीज देऊन ही दिशा बदलता येते. अशा स्फटिकांना 'फेरोइलेक्ट्रिक' म्हणतात.

मात्र संपूर्ण स्फटिकात ही दिशा एकच नसते. तसे झाल्यास पृष्ठभागांवर प्रभार साचून ऊर्जा वाढेल. ती कमी राखण्यासाठी स्फटिक लहान लहान विभागांत वाटला जातो. या विभागांना 'डोमेन' म्हणतात. एका डोमेनमधील सर्व अणू एकाच दिशेस सरकलेले असतात. शेजारच्या डोमेनमध्ये ती दिशा उलट किंवा काटकोनात असते.

यातच खरी अडचण आहे. वीज दिल्यावर एक डोमेन लांबतो, तर उलट दिशेचा डोमेन तेवढाच आखडतो. परिणामांची वजाबाकी होऊन हाती काहीच उरत नाही. म्हणून असा पदार्थ तापवून, त्यास प्रबळ विद्युतक्षेत्रात ठेवून थंड करतात. बहुतांश डोमेन त्या क्षेत्राकडे वळतात आणि क्षेत्र काढून घेतल्यावरही पुष्कळसे तसेच राहतात. या प्रक्रियेस 'ध्रुवीकरण' म्हणतात. एक न्यूटन बलामागे क्वार्ट्झमध्ये सुमारे २ पिकोकूलोम प्रभार मिळतो. ध्रुवीकृत बेरियम टायटनेटमध्ये तो सुमारे १९० असतो.

डोमेनमधील सीमाही स्वस्थ नसतात. काटकोनी सीमा किंचित सरकली, तरी पदार्थाचा आकार बदलतो व प्रतिसाद वाढतो. परंतु या हालचालीत काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. म्हणून सूक्ष्म कंपने टिपणाऱ्या उपकरणांत सहज सरकणाऱ्या सीमांचा पदार्थ वापरतात, तर सतत जोराने कंप पावणाऱ्या उपकरणांत सीमा जखडून ठेवणारा पदार्थ निवडतात.

ही शिस्त कायमची नसते. पदार्थ ठरावीक तापमानापलीकडे तापला की डोमेन नाहीसे होतात. थंड झाल्यावर ते पुन्हा बनतात, पण अस्ताव्यस्त दिशांनी. सोनोग्राफीच्या यंत्रातील अशी चकती वरवर अभंग दिसेल. परंतु गर्भातील बाळाच्या हृदयाचे ठोके टिपण्याची तिची शक्ती गेलेली असेल. पदार्थाचे सामर्थ्य केवळ त्याच्या घटकांत नसते, तर त्या घटकांच्या मांडणीतही असते.