रक्तातले प्रथिन मोजतो रंग

आमच्या वस्तीतील एका मावशींच्या पायांवर सूज आली. रक्ततपासणीचा कागद घेऊन त्या आमच्याकडे आल्या. 'अल्ब्युमिन २.४' असे त्यावर लिहिले होते. "भाऊ, रक्तातले हे मोजले तरी कसे? तराजूत तर घालता येत नाही!" मावशी म्हणाल्या. आम्ही पडलो कारकून. आकड्यांत आयुष्य गेले, पण हा आकडा आला कोठून हे आम्हालाही ठाऊक नव्हते. तपासणी करणाऱ्या तंत्रज्ञांना विचारले, तेव्हा उलगडा झाला.

अल्ब्युमिन हे यकृतात तयार होणारे प्रथिन. रक्तातील पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवणे हे त्याचे एक काम. ते फार कमी झाले की पाणी बाहेर झिरपते व सूज येते. प्रौढ माणसात ते १०० मिलिलिटर सीरममध्ये साधारण ३.५ ते ५ ग्रॅम असते.

सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पिवळसर द्रव. तो किंचितसा घेऊन ब्रोमोक्रेसॉल ग्रीन या रंगाच्या आम्लयुक्त द्रावणात मिसळतात. हे द्रावण मुळात पिवळसर असते. अल्ब्युमिनला रंग चिकटला की ते निळसर हिरवे होते. अल्ब्युमिन जितके जास्त, तितका हा रंग गडद.

पण डोळ्यांचा अंदाज चालत नाही. म्हणून द्रावणातून तांबडा प्रकाश सोडतात, कारण निळसर हिरवे द्रावण तांबडा प्रकाशच शोषून घेते. किती प्रकाश पलीकडे पोचला, त्यावरून यंत्र शोषणाचा आकडा देते. नुसत्या रंगाचे शोषण त्यातून वजा करतात. मग शाळेतले त्रैराशिक! समजा, ४ ग्रॅमच्या माहीत असलेल्या नमुन्याचे शोषण ०.४० आले आणि मावशींच्या नमुन्याचे ०.२४, तर अल्ब्युमिन २.४ ग्रॅम. हा रंग इतर प्रथिनांनाही हळूहळू थोडा चिकटतो. म्हणून वेळ पाळावी लागते, नाहीतर आकडा फुगतो.

मावशींना वाटले, आता अंडी, डाळ जास्त खाल्ली की झाले. परंतु बंधू-भगिनींनो, रंग फक्त 'किती' ते सांगतो, 'का' ते सांगत नाही. यकृत बिघडले असेल, किंवा मूत्रपिंडातून प्रथिन लघवीवाटे वाहून जात असेल. मावशींच्या डॉक्टरांनी लघवी तपासली, तेव्हा गळती तिथेच सापडली. उपचार वेळेवर सुरू झाले.

तेव्हा तपासणीचा कागद घडी घालून डब्यात ठेवू नका. तो घेऊन डॉक्टरांकडे जा आणि न संकोचता विचारा, "हे कमी का झाले?"